विहिरीत सोडलेली कोशिंबीर

मंडईत पाल्यासकट मुळे दिसायला लागले की मला नाताळ आल्यासारखं वाटतं. कॅलेंडर मी नंतर बघते. भाजीवाली पाला मोडून टाकायला लागली की मी घाईघाईने तिचा हात धरते. मातीने माखलेली ती जुडी पिशवीतून अर्धी बाहेर डोकावते आणि घरापर्यंत तो उग्र, हिरवा, थंडीचा वास माझ्याबरोबर चालत येतो. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तर मी उगाचच हसते. लोकांना वाटत असेल, म्हातारीला आज काय झालंय.

यंदा नातसुनेने जाहीर केलं, "आजी, मटण तुमच्याकडे, कोशिंबीर माझ्याकडे. चिरायची, दही घालायचं, फ्रीजमध्ये टाकायची. पाच मिनिटांचं काम!" मी मान डोलावली. कोशिंबीर म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं माझी आईही म्हणायची. सणाच्या दिवशी ज्याच्या हातात दुसरं काही द्यायचा भरवसा नाही, त्याला कोशिंबीर द्यायची, अशी आमच्या घरची रीतच होती. बिघडून बिघडून काय बिघडणार?

पण त्या एका नाताळात ती बिघडली. काय सुंदर बिघडली!

महायुद्ध संपलं त्या वर्षीचा तो हिवाळा. आम्ही सोनईच्या अलीकडे एका गावात राहत होतो. माझे वडील, बापू, तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर. शाळेच्या मागे धाब्याचं घर, म्हणजे वर मातीचं सपाट माळवद, अंगणात एक कडुलिंब आणि लिंबाच्या पलीकडे विहीर. भोवती चहूकडे ज्वारी उभी असायची. पहाटे तिच्यावरून वारा आला की पानं अशी सळसळायची, की घरात अंथरुणात पडल्या पडल्या थंडी ऐकू यायची. अंगावरची घोंगडी टोचायची, पण ती सोडवायची नाही. चुलीतला पहिला धूर खाली आला की समजायचं, आई उठली, आता आपलीही सुटका नाही.

तसा नाताळ दरवर्षीच यायचा, पण युद्धाची शेवटची चार वर्षं तो जरा दबकत आल्यासारखा वाटायचा. तांदूळ रेशनवर, साखर रेशनवर, रॉकेल मिळेल तेव्हा. आई महिनाभर आधीपासून चहात गूळ घालून साखर बाजूला काढायची आणि त्या डब्यावर अशी नजर ठेवायची, की मुंगीनेही विचारून आत जावं. आणि पंगतीत एक पाट रिकामा असायचा. तो शमूकाकाचा. शमुवेल, बापूंचा धाकटा भाऊ. तो फौजेत भरती होऊन मिसर देशात गेला होता. पंगत बसायच्या आधी बापू प्रार्थना करायचे. ती त्या पाटापाशी आली की लांबतच जायची आणि आम्ही मुलं मटणाच्या वासात बसून देवाला मनापासून सांगायचो, की बाबा, काकाला लवकर आण, म्हणजे प्रार्थना आखूड होईल.

देवाने ऐकलं. त्या डिसेंबरात काका आला.

राहुरी स्टेशनवर उतरून, बैलगाडीत बसून, खाकी ओव्हरकोट घालून, गालफडं बसलेला आणि काळाभोर झालेला असा तो आला. लिंबाखाली उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना नमस्कार केला. आईने पाण्याचा तांब्या दिला तर म्हणाला, "थँक्यू, वहिनी."

आई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. "आरं, पान्याला कुनी थँक्यू म्हनतं व्हय? घरात आलायस का हापिसात?"

काका ओशाळून हसला, पण संध्याकाळी भाकरी वाढल्यावर पुन्हा म्हणाला. त्याला जागा विचारून बसायची सवय लागली होती. ताट स्वतः विसळायचा, अंथरुणाची घडी चौकोनी घालायचा, कुणी हाक मारली की ताडकन उभा राहायचा. आपल्याच घरात तो असा वावरत होता, जणू त्याला कुणी तरी चार दिवस राहायची परवानगी दिली आहे.

आणि चार दिवसांचंच बोलणं चाललं होतं. त्याच्या फौजेतल्या एका दोस्ताने मुंबईच्या गोदीत त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. नवं वर्ष लागलं की जायचं. "बरं झालं," बापू म्हणाले. आईनेही "बरं झालं" म्हटलं, पण जरा उशिराने. कारण तिच्या मनात जे होतं ते कुणीच बोलत नव्हतं, की करुणाचं काय?

करुणाकाकू म्हणजे काकाची बायको. मे महिन्यात लग्न होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच काकाला बोलावणं आलं आणि ती कोपरगावला माहेरी परत गेली. तिथल्या मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची. आमच्याकडे यायची ती फक्त मे महिन्याच्या सुट्टीत, सासरचं नातं राखायला. चार वर्षं तिने कुंकवाऐवजी, आमच्यात कुंकू नसतंच म्हणा, पण गळ्यातल्या बारीक मण्यांतून आणि काकाच्या नावातून नवरा सांभाळला. आता काका आला म्हटल्यावर तिच्या वडिलांनी तिला नाताळच्या दोन दिवस आधी आणून पोचवलं. उंच, सडपातळ, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी. काकाला बघून तिने मान खाली घातली. काकाने तिला बघून टोपी काढली आणि "प्रवास बरा झाला ना?" असं विचारलं. बस्स. मग दोघंही दोन दिशांना निघून गेले.

आईने काकूला कामाला हात लावू दिला नाही. चार वर्षांनी नवऱ्याला भेटलेली पोर, सणाला आलेली, तिने विहिरीवर जाऊन पाणी शेंदायचं म्हणजे आईच्या मते शोभलं नसतं. काकूला अंघोळीचं तापलेलं पाणी न्हाणीत पोचतं व्हायचं, प्यायला माठातलं. तिने घागर उचलली की आई ती काढून घ्यायची. "बस गं तू. चार दिस निवांत बस."

काकूला ते निवांत बसणं काट्यासारखं टोचत असणार. मी ते ऐकलंच आहे. आई करंज्यांचं सारण भाजत होती आणि काकू तिच्या पाठीशी उभी होती. मी खोबऱ्याच्या वासाने तिथे घोटाळत होते. एकदम काकू म्हणाली, "अक्का, मी पावनी हाय का हितं?"

"आगं, असं का म्हनती?"

"मंग मला काम द्या. त्येंनी मला पावनीसारखं इचारलं, परवास बरा झाला का. तुमी मला पावनीसारखं बसवलं. त्ये बी पावनेच, मी बी पावनीच. आन् मंग त्ये जातील म्हमईला." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चार वर्सं नाव लावलं, अक्का. मानूस म्हाईत न्हाई मला."

आईचा उलथण्याचा हात थांबला. तिने फक्त सारणाची कढई खाली उतरवली आणि म्हणाली, "बरं. कोशिंबीर तुजी."

आता कोशिंबीर म्हणजे नुसतं काम नव्हतं. काका आल्या दिवशी आईने त्याला विचारलं होतं, नाताळाला काय खायचं सांग, जे म्हणशील ते करते. तो म्हणाला होता, "गार कोशिंबीर. आई करायची तशी. दात वाजले पायजेत." त्याची आई, माझी आजी, मी जन्मायच्या आधीच वारली होती. "तिकडं दुपारी लोखंडाला हात लावला तर कातडं सोलायचं, वहिनी. तंबूत पडून मी मुळ्याची गार कोशिंबीर खायचो. मनातल्या मनात." ते सांगताना, आल्यापासून पहिल्यांदाच, तो आमच्यातला वाटला होता. हे काकूच्या कानावरही गेलं होतंच. म्हणजे अख्ख्या सणाच्या स्वयंपाकातली, त्याने तोंडाने मागितलेली एकच वस्तू आईने काकूच्या ओंजळीत टाकली होती.

फक्त ती गार कशी करायची, ते सांगायचं आई विसरली. विसरली असंही नाही. ते सांगायचं असतं, हेच तिला माहीत नव्हतं. आमच्या गावात शेंबड्या पोराला विचारलं तरी तो सांगेल, की हिवाळ्यात गार करायची वस्तू माळवदावर ठेवायची. रात्रभर उघड्या आभाळाखाली, वर ओलं फडकं टाकून. सकाळी उन्हं यायच्या आत खाली काढून सावलीच्या कोनाड्यात ठेवली, की दुपारपर्यंत दात वाजतात. पण काकूने आमचं घर पाहिलं होतं ते फक्त मे महिन्यात. आणि मे महिन्यात आमच्याकडे गार करायचं ते सगळं विहिरीत जायचं. जाळीत घालून आंबे, दोरीला बांधून कलिंगड, कल्हईच्या डब्यात ताक. दुपारी डबा वर ओढला की काकू दोन्ही हातांनी तो गालाला लावायची. आमच्या विहिरीवर तिचा फार विश्वास होता.

नाताळच्या पहाटे आम्ही मुलं टाळ घेऊन गाणी म्हणत गावातून फिरून आलो. नाकाचे शेंडे लाल, बोटं बधिर. अंगणात आलो तर करुणाकाकू ओट्यावर बसून मुळा किसत होती. शेजारी गाजरं, दोन कोवळ्या काकड्या, कांद्याची पात. आणि मधोमध अमीनाबीचं दही.

अमीनाबी आमच्या शेजारच्या. त्यांच्या म्हशीचं दही सुरीने कापावं लागे. दर नाताळाला त्या मातीच्या गाडग्यात ते विरजून स्वतः आणून द्यायच्या आणि ईदेला आमच्याकडून गाडगं भरून परत न्यायच्या, नाही तर नातं रिकामं राहतं म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी काकूला नीट निरखून पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. पर लई जीव लावून किसतीया. मुळ्याला काय कळतंय?"

मुळ्याला कळत नसेल, मला कळत होतं. पाच मिनिटांचं काम ती अर्धा तास करत होती. गाजराचा कीस मुळ्यापासून वेगळा, काकडी बारीक चिरून पिळून, पात अशी कापलेली की सगळ्या चकत्या एका मापाच्या. शिवणाची बाई ना ती! मग तिने सगळं दह्यात कालवलं. मीठ घातलं नाही. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, ते वाढायच्या क्षणी घालायचं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. कल्हईच्या डब्यात भरलं, झाकणावर फडकं आवळून बांधलं, डबा कुशीत घेतला आणि विहिरीकडे निघाली.

मी मागे मागे गेले. उजाडत होतं. विहिरीतून पांढऱ्या वाफा वर येत होत्या. हिवाळ्याच्या पहाटे त्या रोजच यायच्या. काकू त्या वाफांकडे बघून खूश झाली. "गंगेवर बी असंच धुकं असतंया," ती म्हणाली. कोपरगावची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. "त्या पान्यात पाय घातला की मस्तकात कळ जाती. हितं बी चांगलीच गार झालीया म्हनायची इहीर!" तिने डबा दोरीला बांधून हळूहळू सोडला, अर्धा पाण्यात बुडेल असा, आणि दोरीचं टोक रहाटाच्या खांबाला गुंडाळलं. मग माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. "कुनाला सांगू नगंस हां. गंमत हाय."

मी का बोलले नाही? कारण मला वाटलं, ही कोपरगावची काही तरी खास पद्धत असणार. मोठ्या माणसांना सगळं माहीत असतं, असं वाटण्याचं ते वय होतं. शिवाय गंमत पोटात ठेवायला मिळाली म्हणून मी हवेत होते. आदल्या संध्याकाळीच आईने सगळे रांजण-घागरी भरून ठेवल्यामुळे विहिरीकडे फिरकायचं कुणाला कारणही नव्हतं. डबा तसाच लोंबकळत राहिला.

उपासना लांबली. पेटी, टाळ, भजनं, मग आम्हा मुलांचं नाटक. आमच्या नाटकातले मेंढपाळ अगदी अस्सल दिसत, कारण त्यांच्या अंगावरच्या घोंगड्या गावातल्या धनगरांकडूनच मागून आणलेल्या असत, आणि एका मेंढपाळाबरोबर खरं कोकरू आलं होतं. त्याने देवदूताचा कागदी पंख खाल्ला. सगळं देऊळ हसलं. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणत. मी बायकांच्या बाजूला काकूकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिचं लक्ष पुरुषांच्या बाजूला, खाकी कोटाच्या पाठीकडे होतं, आणि मला ठाऊक होतं की ते विहिरीकडेही आहे.

प्रार्थना संपल्याबरोबर ती सगळ्यांच्या आधी घरी पोचली. तिने डबा वर ओढला तेव्हा मी धापा टाकत शेजारीच होते. ओल्या पितळेवर दुपारचा वारा लागत होता, त्यामुळे बाहेरून डबा हाताला गारच लागला. तिने तो मेमध्ये लावायची तसा गालाला लावला आणि डोळे मिटले. ओट्यावर बसून तिने मीठ, मिरची, लिंबू, दाण्याचा कूट घालून कोशिंबीर पळीने भराभर कालवली. चव घेतली नाही. बापूंच्या प्रार्थनेच्या आधी कुणी सणाचं अन्न तोंडात घालायचं नाही, असा आमच्याकडे दंडक होता.

अंगणात लिंबाखाली पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर भात. त्या वर्षी एकही पाट रिकामा नव्हता आणि तरी बापूंची प्रार्थना आखूड झाली नाही. उलट आभार मानता मानता त्यांना मधेच रडू आलं, आणि आम्ही मुलांनी शहाण्यासारखं दम धरला. मग आमेन झालं. काकूने डबा घेतला, सगळ्यांत आधी काकाच्या, मग शेजारच्या बापूंच्या पत्रावळीवर कोशिंबीर वाढली आणि तिथून हलली नाही. डबा छातीशी धरून तशीच उभी राहिली. आईही पळी हातात घेऊन बघत होती.

काकाने मोठा घास घेतला.

त्याचं तोंड थांबलं. भुवया हळूहळू वर गेल्या. तेवढ्यात बापूंच्या पानावर पडलेली कोशिंबीर त्यांनी चाखली आणि ते नको तितक्या मोठ्याने म्हणाले, "अरे, ही तर कोमट आहे!"

आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आगं बया, इहिरीत सोडलीस व्हय गं?"

मग पंगत जी हसली म्हणता! बापू हसले, शेजारचे हसले, चुलीपाशी मदतीला आलेल्या अमीनाबी पदर तोंडात कोंबून हसल्या. हिवाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी चांगलं ऊन असायचं. वरची हवा जितकी थंड तितकं ते अधिक ऊन लागायचं, वाफा उगीच नव्हत्या येत. अख्खी सकाळ दही त्या उबेत बसलं होतं, वरून ते आंबटलंही होतं. हसण्यात कुणाचाही वाकडेपणा नव्हता. पण काकूला ते कसं कळणार? तिचा चेहरा पडला. कशासाठी हसताहेत ते तिला समजलंच नव्हतं. एवढंच समजलं होतं की त्याने मागितलेली एक वस्तू आपण नासवली. तिने डबा छातीशी आणखी घट्ट आवळला.

काका हसला नव्हता. तो खाली मान घालून जेवत होता. त्याने पानावरची कोशिंबीर शेवटच्या कणापर्यंत खाल्ली, बोटाने दही निपटून घेतलं आणि मग मान वर करून म्हणाला, "आनखी वाढ."

"थँक्यू" नाही, "प्लीज" नाही. आणखी वाढ.

काकूने वाढलं. तेही त्याने संपवलं. मग तो उष्ट्या हाताने पाटावरून उठला. भरल्या पंगतीतून असं उठायचं नसतं, पण त्याला त्या वेळी कुणी काही बोललं नाही. तो विहिरीवर गेला, रहाट फिरवला, भरलेली बादली काठावर टेकवली आणि तिथून हाक मारली, "करुणा, हिकडं ये."

थोरल्या भावासमोर, वहिनीसमोर, सगळ्या गावासमोर बायकोचं नाव! त्या काळी असं कुणी करत नसे. बापूंनी पटकन भाकरीकडे नजर वळवली. आईने काकूच्या हातातला डबा काढून घेतला आणि तिला पाठीवर हलकासा धक्का दिला.

मी कशी बसून राहणार? मी लिंबाच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिले.

"हात पुढं कर," काका म्हणाला. त्याने तिच्या हातांवर पाणी ओतलं. तिने हात एकदम मागे घेतले, मग पुन्हा पुढे केले, मग बादलीतच कोपरापर्यंत बुडवले. "आगं आई! ह्ये तर ऊन हाय!"

"थंडीत आसंच असतंया. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊन."

"मला कुनी पानी शेंदूच दिलं न्हाई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुमाला गार पायजे हुती. मी येवढी जीव लावून केली. समदी हसली."

काका विहिरीच्या काठावर बसला. उष्टा हात तसाच होता. "गार मी दुपारी मागायचो," तो म्हणाला. "तिकडं दुपारी आग आन् रातीला ही कडाक्याची थंडी. पहाटं पहाऱ्यावर उभा असलो की बोटं वाकायची न्हाईत. तवा मला ह्या इहिरीची आठवन यायची. पहाटं बादली काढली, डोक्यावर वतली, की कशी ऊब लागायची. वाटायचं, ती इहीर तशीच असंल का न्हाई. घरी येऊन चार दिस झालं, पर पावन्यासारखं न्हानीतलं तापवलेलं पानी मिळतंया. इहिरीवर याचं सुचलंच न्हाई." त्याने बादली तिच्याकडे सरकवली. "आज तुज्या हातनं तीच ऊब पानावर आली बघ."

काकू आता रडत होती की हसत होती, ते मला लिंबाआडून नीट दिसलं नाही. तिने ओल्या हातांनीच डोळे पुसले.

"म्हमईला इहीर न्हाई," काका बादलीत बघत म्हणाला. "नळ हाय. त्येचं पानी बारा म्हैने सारखंच, ना गार ना ऊन. चाळीत एक खोली हाय. मंग तिथं कोशिंबीर कुठं ठिवशील?"

काकूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. मग मान वर करून तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं असेल.

"आधी तुमाला इचारीन," ती म्हणाली. "मंग ठिवीन."

काका मोठ्यांदा हसला. त्याचा तो हसण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, इतका तो त्या अंगणाला नवा होता. पंगतीतून आई ओरडली, "आरं, बोलनं नंतर करा, रस्सा निवतोय!" आणि अमीनाबी म्हणाल्या, "निवू द्या हो मास्तरीनबाई. ऊन करायला इहीर हाय की!"

नवं वर्ष लागल्यावर बैलगाडीत दोघं बसली. काकाने ओव्हरकोट तिच्या खांद्यावर टाकला होता आणि तिच्या मांडीवर कल्हईचा डबा होता. आईने तो तिला देऊन टाकला होता. आत करंज्या होत्या. गाडी ज्वारीच्या आड जाईपर्यंत मी हात हलवत होते. एवढ्या आनंदाने कुणाला निरोप दिल्याचं मला नंतर कधी आठवत नाही.

पुढे वर्षानुवर्षं ती दोघं नाताळला गावी यायची. दर वेळी दोन कोशिंबिरी व्हायच्या. एक माळवदावर, एक विहिरीत. पोरं मुद्दाम विहिरीतलीवर तुटून पडायची. आता ते घर नाही, विहिरीवर लोखंडी जाळी आणि मोटर आहे, असं ऐकते. काकाही नाही. काकू आहे, मुलाकडे, मुंबईत. तिला आता फारसं ऐकू येत नाही.

काल, नाताळच्या जेवणाच्या आधी, नातसुनेने फ्रीजमधून काचेचं भांडं काढलं. बाहेरून त्याला दव आलेलं. "बघा आजी, कशी मस्त गार झालीय!" खरंच झाली होती. मी एक वाटी बाजूला काढली आणि ती खिडकीतल्या उन्हात नेऊन ठेवली.

"आजी, खराब होईल ना ती!" ती म्हणाली.

"होऊ दे," मी म्हटलं, आणि मुंबईला फोन लावला. दोनदा ओरडून सांगितल्यावर पलीकडे काकूला कळलं की मी कोण. मग ती नेहमीचं तेच विचारती झाली, दर नाताळला विचारते ते.

"कोमट झाली का गं?"

"झाली काकू," मी म्हटलं. "चांगली ऊन झाली."